पिल्लू नर की मादी: पंख बघावा की तुरा?

कोंबडीच्या पिल्लाला शेपटीखाली दाबून नर-मादी ओळखायची जपानी पद्धत हॅचरीतल्या, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातल्या, शिकलेल्या माणसांवरच सोडावी. नवख्या हाताने पिल्लू दगावू शकतं. टोकदार अंड्यातून नर निघतो, यावरही विसंबू नये. मग आपल्यापुढे उरतात दोनच गोष्टी, पंख आणि तुरा.

पंखाची पद्धत सुरेख आहे. एका दिवसाच्या पिल्लाचा पंख बोटांनी हळूच पसरला की टोकाकडे पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरचीपेक्षा चांगली लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या, किंवा वरचीच लांब, तर नर. निकाल तिथल्या तिथे, नरांच्या खाद्याचा खर्चही वाचतो. पण हे चालतं ते त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरातच, कारण त्यात पिसं उशिरा फुटण्याचा गुण आईकडून फक्त नर पिल्लांत उतरतो. आपल्या गावरान पिल्लांत त्याचा भरवसा नाही.

शिवाय हा फरक दिसतो जेमतेम पहिले दोन दिवस. मला अडलं ते इथेच. पिल्लं रात्रीच्या गाडीने पोचेपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. त्यात निफाडची जानेवारीतली थंडी. ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्याच्या, बल्बखालून एकेक पिल्लू काढून उजेडात पंख ताणत बसायचं, तोवर हातातलं पिल्लू गारठून चिवचिवाट करतं. मला ते बघवत नाही.

तुऱ्यासाठी चार-पाच आठवडे थांबावं लागतं. नराचा तुरा उठून लालसर होऊ लागतो, मादीचा बारीक आणि फिकट राहतो. सकाळी भरडा टाकताना उभ्या उभ्या कळतं, पिल्लाला हात लावावा लागत नाही. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट, तिथे रंग सोडून आकार बघावा. शंका उरलीच तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मानेवर आणि पाठीच्या शेवटी लांब, टोकदार, चमकदार पिसं आली की तो नरच.

निव्वळ अंड्यांसाठी लेअर कोंबड्या ठेवणार असाल, तर चार पैसे जास्त देऊन हॅचरीतूनच माद्या निवडून घेतलेल्या बऱ्या, असं मला वाटतं. गावरान पाळणाऱ्याला मात्र नर जड होत नाहीत. माघात आणलेल्या पिल्लांतले कोंबडे आखाडात विकायला तयार होतात आणि तेव्हा नाशकात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तेवढ्यासाठी महिनाभराचं खाद्य मी आनंदाने घालतो.