आठ महिन्यांची फिजिओथेरपी: तळव्यांची जाण आली नाही, तोल आला

मागच्या डिसेंबरात सुरू केली, आता पोळा तोंडावर आला. मधे दीड महिना झाला तेव्हाच लिहायला घेतलं होतं. बरं झालं राहून गेलं, तेव्हा नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या.

मी देवळी तालुक्यातला, वय 57, शुगर चौदा वर्षांची. आधी तळव्यांना मुंग्या, मग रात्रभर आग, बाजेवरून पाय खाली सोडून बसायचो. आग होती तोवर डॉक्टरकडे जात होतो. पुढे ती आपोआप कमी झाली, मी म्हटलं चला, सुटलो. खरं म्हणजे नस मुकी होत चालली होती.

मग हरभऱ्याचं ओलित आलं. आमच्या फीडरला त्या आठवड्यात लाईन रात्रीची. धुऱ्यावर बॅटरी विझली आणि मी पडलो. ठेच नाही, चिखल नाही, उभा होतो तो आडवा झालो. चार दिवसांनी न्हाणीत, तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि पुन्हा तेच. गावातून जाताना झोक जायचा तो वेगळाच. एकाने तर बायकोलाच विचारलं, "काहून वं वहिनी, भाऊ घेऊन राह्यले काय आजकाल?" जिल्हा दारूबंदीचा, तरी पहिली शंका हीच.

वर्ध्याला फिजिओच्या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. जाड केसासारखा नायलॉनचा दोरा काढला, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा. डोळे मिटायला लावून तो तळव्यावर टेकवत विचारायच्या, "लागलं?" मी म्हटलं, "लावा तर आधी." त्यांचं लावून झालं होतं. मग ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. काहीच नाही. टोंगळ्यावर ठेवला तेव्हा थरथर कळली. शेवटी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटा म्हणाल्या. चार सेकंदांत मी त्यांच्या हातावर.

अंधारात का पडतो ते तिथे उमगलं. माणूस उभा राहतो तो पायाकडून येणाऱ्या खबरीवर, डोळ्यांवर आणि कानाच्या आतल्या तोलाच्या अवयवावर. माझ्या पायाची खबर बंद झाली होती, तिचा भार डोळे वाहत होते. बॅटरी विझली की तेही गेले.

मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की मेलेली जाण परत आणायची हमी मी देत नाही, पडणं कमी करू. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याआधी एका ठिकाणी "एकवीस दिवसांत नसा मोकळ्या" म्हणणाऱ्यांना सहा हजार देऊन बसलो होतो ना! तिथे मशीनखाली पाय ठेवून पडून राहायचं, वरून गरम शेक. तिसऱ्या दिवशी घरी बायकोने टाचेवरचा फोड दाखवला, मला पत्ता नाही. बधिर पायाला शेक, गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, काहीही नको, एवढं एक माझ्याकडून घ्या. जखम भरायला सव्वा महिना गेला, आणि ती भरेपर्यंत मॅडमकडचे उभ्याचे व्यायाम बंद.

इथली ट्रीटमेंट दिसायला अगदीच साधी. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं. खिडकीचा गज धरून टाचा उचलणं. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करणं, जे मला महिनाभर जमलं नाही. एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून उभं राहणं, आणि मग तसंच चालणं. ते मी ओसरीतल्या फरशीच्या जोडावरून करतो, एक हात भिंतीला. नातू मागून मोजतो आणि गडी बाद झाला की ओरडतो. सुरुवातीला आठवड्याला दोनदा एसटीने वर्धा, तीनशे रुपये बैठकीचे, मग पंधरवड्याला, आता महिन्यातून एकदा. रोजचा अर्धा तास घरचाच. तूर काढणीत बारा दिवस बुडवला तर झोक परत आला, म्हणून सांगतो, घरी करणार नसाल तर तिकिटाचे पैसे वाचवा.

करंटचं मशीन, टेन्स म्हणतात ते, अधूनमधून लावलं. आग असायची त्या रात्री झोप बरी लागायची. त्यापलीकडे त्याचं कौतुक नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.8 होती, ती 7.4 वर आली आणि आगीला खरा उतार त्यानंतर पडला असं माझं मत. वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्याचं बी-12 जीवनसत्त्व उतरू शकतं, त्यानेही मुंग्या येतात. माझं उतरलेलंच होतं. हे मला कोणी दहा वर्षांत तपासायला सांगितलं नव्हतं.

आता चप्पल. अंगठ्याची चप्पल पायातून निसटायची आणि मी तसाच दहा पावलं पुढे. मॅडमनी एमसीआरची घ्यायला लावली, मऊ रबराची, मागून पट्टा असलेली. गावात पहिलं वाक्य काय आलं असेल? "हे तं दत्तपूरवाल्याइचं पायतन!" आमच्याकडे 1936 पासूनचं दत्तपूरचं कुष्ठधाम सगळ्यांना ठाऊक, तिकडे वरोऱ्याचं आनंदवनही. मला आठवडाभर ती घालून पारावर जायची लाज वाटली. पण विचार केला तर बोलणारा चुकला कुठे? त्यांचे पाय झिजले ते जाण गेल्यामुळे, आणि माझीही तीच गेली. रोग वेगळा, काटा सारखाच. जूनमध्ये तुरीचं खुंट तळातून वर आलं होतं, रात्री आरशात तळवा बघितला म्हणून सापडलं. तेव्हापासून चप्पल घालण्याआधी झटकतो आणि आत हात फिरवून बघतो. चैत्रात देवळाच्या फरशीवरही मोजे घालून जातो, देव काही म्हणत नाही, पुजारी म्हणतो.

मागच्या महिन्यात परत तपासलं. दोरा जिथे कळत नव्हता तिथे आजही कळत नाही, एक जागा वाढली असेल. डोळे मिटून मात्र बावीस सेकंद उभा राहिलो. मार्चपासून पडलो नाही. रात्रीच्या ओलिताला अजूनही एकटा जात नाही, दोन बॅटऱ्या आणि काठी असते. व्यायामाआधी खिशात गुळाचा खडा ठेवतो, कारण एकदा साखर उतरून घाम फुटला होता.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. बैलं धुवायला यंदा नाल्यात पोरगा उतरेल. मी काठावर, पायतन घालून.