नॅट वन आणि फंबल टेबल : सात महिने वापरून झाल्यावर

आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) ग्रुपमध्ये मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट सांगायचं आणि राक्षस चालवायचं काम माझं, आम्ही फिफ्थ एडिशन म्हणजे नियमांची पाचवी आवृत्ती खेळतो, आणि गेले सात महिने जवळजवळ दर आठवड्याच्या सेशनला फंबल टेबल वापरलंय. आता त्याबद्दल नीट लिहावंसं वाटलं, कारण मला ते खूप आवडतं आणि तरीही जसं मिळालं तसं वापरू नका असंच मी सांगेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हल्ल्याच्या रोलला डी ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, १ पडला (यालाच नॅट वन म्हणतात) की वार चुकतो, बस, मूळ नियम एवढाच आहे. फंबल टेबल, म्हणजे फजित्यांची यादी, घेतलं की त्यावर अजून एक फासा टाकायचा आणि काय फजिती झाली ते वाचायचं, म्हणजे हत्यार निसटलं, धनुष्याची दोरी तुटली, पाय घसरून आडवे झालात, शेजारच्यालाच वार बसला वगैरे.

पहिले दोन महिने नुसता धुमाकूळ होता. दोरीच्या पुलावरची लढाई अजून सगळ्यांना पाठ आहे. आमच्या फायटरला (हत्याराने लढणारं कॅरेक्टर खेळणारी) नॅट वन पडला, टेबलवर आलं हत्यार निसटलं, आणि कुऱ्हाड गेली खाली दरीत. सगळे हळहळले. तेवढ्यात ती म्हणाली थांब, मागच्या सेशनला मी कुऱ्हाडीला दोरी बांधून कमरेला अडकवलीय, तुझ्या वहीत बघ. बघितलं तर खरंच लिहिलेलं! म्हणजे कुऱ्हाड पुलाखाली पोहऱ्यासारखी लटकतेय, आणि पुलाखालून एक गॉब्लिन (बुटका राक्षस) चढत होता हे मला आधीपासून माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी म्हटलं दोरी जड लागतेय. आमचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, म्हणाला "ओढ ओढ, मोठं काहीतरी लागलंय गं," आणि दोघांनी मिळून कुऱ्हाडीला लोंबकळणारा गॉब्लिन वर ओढून घेतला. पाच मिनिटं खेळ थांबला होता, कुणाला बोलताच येत नव्हतं हसून.

मग आमच्या कॅरेक्टरांची पार्टी पाचव्या लेव्हलला गेली आणि गणित आडवं आलं. एका वाराला नॅट वनची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन अटॅक मिळतात, म्हणजे दर टर्नला ९.७५ टक्के, आणि विसाव्याला चार अटॅक, म्हणजे साडेअठरा टक्के. जितकी मुरलेली लढवय्यी तितक्या जास्त वेळा तोंडावर पडणार! आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल (आगीचा गोळा) टाकतो तेव्हा तो अटॅक रोल करतच नाही, समोरचे सेव्ह करतात, म्हणजे स्वतःला वाचवायला फासा टाकतात, त्यामुळे त्याची फजिती कधीच नाही. चौथ्या महिन्यात एकाच लढाईत आमच्या फायटरला तीनदा फंबल आलं. तिसऱ्या वेळी ती हसली नाही, फासा उचलून तिने वहीवर ठेवला आणि मला विचारलं, "मी सगळ्यात चांगली लढते म्हणून मीच सगळ्यात जास्त पडायचं का गं?" मला फार वाईट वाटलं, कारण तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

त्या रात्रीच टेबल बदललं. आता टर्नमधल्या पहिल्याच अटॅकला फंबल लागू, पुढच्या वारांना नाही. हत्यार मोडणं, स्वतःला इजा, साथीदाराला वार, हे सगळं खोडून टाकलं. राक्षसांनाही तोच नियम. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो याने, की काय झालं ते ज्याचा फासा त्याने सांगायचं, मी नाही. स्वतःच्या कॅरेक्टरची फजिती स्वतः रंगवून सांगायला लोकांना मनापासून आवडतं, दुसऱ्याने लादलेली नाही आवडत.

अजून एक गोष्ट या महिन्यांत कळली, सगळ्यात भारी गोंधळ टेबलशिवायच होतात. विझार्डने दारात ग्रीस टाकलं, म्हणजे जमीन निसरडी करणारी जादू, दहा फुटांचा चौकोन, गॉब्लिनांना अडवायला. दोन राउंड गेले, आणि आमचा रोग (इंग्रजी rogue, लपूनछपून वार करणारं कॅरेक्टर) त्याच दारातून धावत आला, पूर्ण विसरून. धपकन पडला. गॉब्लिनांचा म्होरक्या त्याच्यामागे, तोही धपकन. उठायला अर्धी चाल जाते, ३० फुटांतले १५, आणि टर्न त्या चौकोनातच संपला की पुन्हा सेव्ह, पुन्हा आडवे. शेवटी दोघांनी उठायचा नादच सोडला आणि पडल्या पडल्याच लढायला लागले. नियमात बघितलं तर आडवं पडून वार करणाऱ्याला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज, पण आडव्या पडलेल्यावर पाच फुटांतून वार केला तर दोनातला मोठा आकडा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज, दोन्ही एकमेकांना कापतात, म्हणजे रोल अगदी साधा, दोघं उभे असल्यासारखा! हे मोठ्याने वाचलं तेव्हा सगळं टेबल डोक्यावर घेतलं पोरांनी.

तर नवीन ग्रुप असेल, पहिल्या ते चौथ्या लेव्हलमध्ये असाल तर फंबल टेबल जरूर वापरा, तेव्हा बहुतेकांना एकच अटॅक असतो, त्रास होत नाही. पाचव्याच्या पुढे वर सांगितलेले बदल करा, आणि ते करायच्या आधी तुमच्या फायटरला विचारा, विझार्डला नको.

आमची फायटर आता पुन्हा हसत रोल करते. फक्त सेशन सुरू व्हायच्या आधी दर वेळी मला सांगते, कुऱ्हाडीला दोरी बांधलीय, लिहून ठेव.