बोअरचं पाणी, गडद निळी गाडी आणि एक जाडजूड टॉवेल

घरी गाडी धुण्याचा विषय निघाला की लोक शॅम्पू आणि फोमवर तासन्‌तास बोलतात. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी स्वतः गाडी धुतोय आणि माझं मत पक्कं झालंय: आमच्यासारखं बोअर-टँकरचं पाणी असेल तर धुणं दुय्यम, पुसणं महत्त्वाचं. म्हणून हा अनुभव मुख्यतः गाडी पुसायच्या टॉवेलचा.

आधी पाण्याचं. पुण्याच्या आसपास काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच गाडीवर ठिपक्यांच्या रूपात बसतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उन्हात ते भाजून निघाले की साध्या फडक्याने जात नाहीत. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून हलकं लावायचं आणि लगेच धुऊन टाकायचं, निघतात. पांढऱ्या गाडीवाल्याला हे कळणारही नाही. माझ्या निळ्या बॉनेटवर मात्र पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्येसुद्धा दिसतात.

आधी सिंथेटिक शॅमॉय, म्हणजे नकली चामड्यासारखं पुसायचं कापड, वापरून पाहिलं. पाणी छान ओढतं, पण ते गुळगुळीत असल्यामुळे राहिलेला कण आत जात नाही, रंगावरच घासत फिरतो. वाळलं की पापडासारखं कडक. रबरी पट्टीचंही तेच, ती आता फक्त काचांपुरती ठेवलीय.

मग ऑनलाइन मायक्रोफायबरचा पीळदार लूपवाला टॉवेल मागवला, ६० बाय ९० सेंटिमीटरचा. पाकिटावर १२०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. या मापाचा टॉवेल ०.५४ चौरस मीटर भरतो, म्हणजे वजन साधारण ६५० ग्रॅम हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर पाचशेलाही पोचला नाही! म्हणजे खरा जीएसएम नऊशेच्या आसपास. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुम्हीही घरी आल्यावर काट्यावर टाका, अर्धा मिनिट लागतो. कोरडा असतानाच मोजा मात्र.

एवढं असूनही टॉवेल कामाचा निघाला, हे कबूल करायलाच हवं. घासायचा नाही. ओल्या टपावर पूर्ण पसरायचा, दोन टोकं धरायची आणि अलगद स्वतःकडे ओढायचा. मागे पाण्याचा पट्टासुद्धा राहत नाही. टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दरवाज्यांचा वरचा भाग, एवढं न पिळता होतं. दरवाज्यांच्या खालच्या पट्टीला आणि रिमला तो लावायचा नाही, तिथे जुनं फडकं. जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद.

आरशांची एक खोड लक्षात ठेवा. गाडी कोरडी झाली म्हणून आपण चहाला वर जातो आणि आरशाच्या फटीत साठलेलं पाणी निवांत दरवाज्यावरून ओघळतं. नंबरप्लेटच्या मागूनही तसंच. सगळं पुसून झालं की आरसे एकदा मिटून-उघडून घ्यायचे, दरवाजे आणि डिकी उघडून कडा टिपायच्या.

शेवटच्या पाण्याबद्दल थोडं. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असं सगळेच सांगतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात नळापेक्षाही जास्त क्षार असतात. चाकांना, मडगार्डच्या आत खुशाल ओता, बॉडीवर शेवटचा हात त्याचा नको. त्यापेक्षा उन्हाळ्यात एसीच्या नळीखाली बादली लावा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, क्षार जवळजवळ नसतातच. बॉनेट आणि काचांवरून शेवटी तेच फिरवायचं. एप्रिल-मेमध्ये माझे निम्मे डाग यानेच टळले. धुणं मात्र ऊन चढायच्या आत, नाहीतर पुढचं पुसेपर्यंत मागचं वाळलेलं असतं.

बाकी सामान नेहमीचंच: साबणाची एक बादली, हातमोजा खळबळायला दुसरी, गाडीचा शॅम्पू. सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावायची वेळ आली होती. टँकरच्या रांगा पाहता आपणही फार लांब नाही. प्रेशर वॉशर त्यामुळे माळ्यावर.

आता टॉवेलच्या तक्रारी. पहिल्या दोन धुण्यांत निळे धागे सोडले. कडेची शिवण राठ आहे, ती रंगाला लागू नये म्हणून दुमडून धरावी लागते. मध्ये घरच्यांनी तो कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला, वर कंडिशनर. त्यानंतर तो पाणी प्यायचंच विसरला, नुसतं ढकलायचा. कोमट पाणी आणि साधं लिक्विड डिटर्जंट घालून दोनदा धुतल्यावर ताळ्यावर आला. सुती कपड्यांबरोबरही नकोच, त्यांचा सगळा भुसा याला चिकटतो. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. त्या महिन्यांत मी पातळ दोन टॉवेल आलटून-पालटून वापरतो आणि हा कपाटात.

घ्यावा का? पांढरी किंवा सिल्व्हर गाडी आणि महापालिकेचं पाणी असेल तर गरज नाही, मध्यम जाडीचे दोन साधे मायक्रोफायबर पुरे. गाडी काळी, निळी, मरून असेल आणि पाणी बोअरचं, तर जरूर घ्या. फक्त याहून मोठा मागवू नका, ओला झाला की दोन हातांनी पिळवत नाही.