शेळ्यांच्या जखमेवरचा हर्बल फवारा: जून ते जानेवारी वापरून आलेला अनुभव

आटपाडी तालुक्यात आमच्या 26 उस्मानाबादी शेळ्या, दोन बोकड आणि वडिलांच्या हट्टाखातर ठेवलेल्या 9 माडग्याळ मेंढ्या आहेत. या फवाऱ्याची पहिली बाटली जूनमध्ये आणली. आता जानेवारी संपत आला आणि चौथी बाटली चालू आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा फवाऱ्यांचा मसाला साधारण सारखाच असतो. कडुनिंब, देवदार, निलगिरी, कापूर. वास इतका उग्र की मारल्यावर हातालासुद्धा संध्याकाळपर्यंत राहतो.

बाटलीवर तीन दावे आहेत: जखम भरते, माश्या बसत नाहीत, किडे मरतात. पहिले दोन मला पटले. तिसऱ्यापायी माझी एक शेळी जाता जाता वाचली.

आधी चांगलं सांगतो. आमच्याकडे जून-जुलै कोरडाच जातो, खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा. माश्यांचा जोरही तेव्हाच. नेमकं त्याच सुमारास कानात ओळखीचे 12 अंकी बिल्ले मारून घेतले. त्याच्या आदल्या साली बिल्ल्याच्या भोकात तीन शेळ्यांना किडे पडले होते, एकीचा अर्धा कान गेला. या वेळी बिल्ला मारल्या मारल्या फवारा, मग सकाळ-संध्याकाळ आठवडाभर. एकाही कानात किडा नाही. त्या साली पाऊस जास्त होता, हेही खरं. सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. तरी मारलेल्या जागेवर तीन-चार तास माशी टेकत नाही, हे गोठ्यात उभं राहून पाहिलंय. दोन वेळांच्या मध्ये ओल आली, पाऊस आला की परत मारायचा.

आता माझ्या कबरी शेळीची गोष्ट. तारेत अडकून मागच्या पायाच्या खुरांच्या बेचक्यात कापलं होतं. चिखलात दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती कळपाच्या मागं राहायला लागली, सारखा पाय आपटायची, मान वळवून चाटायची. पाय उचलून पाहिला तर वास आला आणि पांढरट गोळा वळवळताना दिसला. बाटलीवरचं वाचून दणकून फवारा मारला. वरच्या पंधरा-वीस अळ्या गळून पडल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी तिनं पाय टेकणं सोडलं आणि चारा सोडला.

रविवार, डॉक्टर बाहेरगावी. शेजारच्या रानात मेंढ्या बसवलेल्या म्हाताऱ्या धनगर आबांना बोलावलं. त्यांनी पाय दाबून बघितला आणि म्हणाले, "वरच्यास्नी आंघूळ घातलीस की रं. खालची सगळी आत हायत."

अळी मांसात डोकं खुपसून खाते आणि श्वास मागच्या टोकानं घेते. आपल्याला दिसतात ती त्यांची शेपटं. फवारा वरच्यावर राहतो आणि खालच्या आणखी आत सरकतात. आबांनी टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेवर दाबून धरायला लावला. दहा-बारा मिनिटांनी कोंडल्यासारख्या होऊन त्या वर यायला लागल्या. मी चिमट्यानं काढत गेलो. 60 पर्यंत मोजल्या, मग नाद सोडला. बोट जाईल एवढा खड्डा निघाला. एक अळी चिमट्यातून निसटून मातीत पडली तर आबा ओरडले, "भुईवर टाकू नगं!" सगळ्या उकळत्या पाण्याच्या डब्यात. कारण सरळ आहे. माशी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, दिवसभरात ती फुटतात, आठवडाभर मांस खाऊन अळी आपोआप मातीत गळते, तिथं कोष करते आणि पुन्हा माशी. आधीचे दोन दिवस मी गोठ्यातच पुढची पिढी पेरत होतो. ही माशी मेलेल्या जनावराची वाट बघत नाही, जिवंत मांसच धरते. गोचिडाच्या चाव्याएवढी जखमही तिला पुरते.

सोमवारी डॉक्टरांनी उरलेल्या आतल्या अळ्यांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं. 1 टक्क्याचं औषध 50 किलोला 1 मिली, कातडीखाली. कबरी अंदाजे 30 किलोची, म्हणजे जेमतेम 0.6 मिली. मनानं जास्त देऊ नका आणि दुधातल्या शेळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. पुढं रोज जखम धुऊन, कोरडी करून फवारा. इथं मात्र फवाऱ्यानं काम चोख केलं. नवीन माशी बसली नाही, तीन आठवड्यांत खड्डा भरून आला.

मेंढ्यांच्या नाकातल्या किड्यावर हा फवारा अजिबात चालत नाही. ती माशी वेगळी. उडता उडता नाकपुडीत जिवंत अळ्या सोडते, त्या कपाळाच्या पोकळीत चढतात. भर दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली तोंड खुपसून उभ्या राहतात, ऊन लागतं म्हणून नव्हे, तिला चुकवायला. मग शिंका आणि घट्ट शेंबूड. दुकानदारानं सांगितलं म्हणून एका मेंढीच्या नाकात फवारा मारला. बिचारी तासभर जमिनीवर नाक घासत होती. असलं काही करू नका. तिथंही शेवटी आयव्हरमेक्टिनच कामी आलं.

वडील अजून सीताफळाचा पाला वाटून लावतात. उथळ जखमेत तो चालतो, पण डोळ्याजवळ नको. डांबरगोळीची पूड आणि फिनाईल मात्र मी बंद केलं. किड्याबरोबर चांगलं मांसही जळतं आणि जखम महिनाभर रेंगाळते.

बाटलीबद्दलच्या तक्रारी: उलटी धरली की फवारा येत नाही, आणि खूर, कास, पोट या जागा नेमक्या खालून मारायच्या. मी कापसावर ओतून लावतो. तोंडाला चिकट थर बसतो, सुई घालून मोकळं करावं लागतं. फुस्स आवाजानं बोकड उधळतात. औषधाला रंग नाही, त्यामुळे 37 जनावरांत कुणाला लावलं, कुणाला नाही हे कळत नाही. मी शिंगाला जांभळ्या औषधाचा ठिपका देतो. किंमत दीडशे-पावणेदोनशे, पावसाळ्यात दोन बाटल्या सहज संपतात.

बोकडांचं खच्चीकरण आता कातडी न कापता नस चेपणाऱ्या चिमट्यानं करून घेतो, जखमच होत नाही. गोठ्यात गोचिडासाठी डेल्टामेथ्रिन वेगळं. आणि ऑक्टोबर संपेपर्यंत रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन खूर, कान, शेपटीखाली, शिंगाच्या बुडाशी बघतो. बायको म्हणते, माझ्याकडं एवढं बघितलं असतंत तर.

कबरी गेल्या आठवड्यात व्याली, एक पाट (मादी पिल्लू) आणि एक बोकड. नाळेला आधी टिंक्चर आयोडीन, वाळल्यावर लांबून एक फवारा. पाटीनं तेवढ्यात शिंकून माझ्या तोंडावर सगळं उडवलं.