रोजच्या वापराची एकच लेन्स: कॅनन १८-१३५ यूएसएम, एका गणपतीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत

पहिली झूम लेन्स घेताना दुकानात सगळ्यांचं लक्ष मोठ्या आकड्याकडे असतं. १३५, २००, २५०, ३००. लेन्सच्या नावात मिलिमीटरचे दोन आकडे असतात. लहान आकड्यावर चौकटीत जास्त परिसर मावतो, मोठ्यावर लांबचं जवळ दिसतं. गणपतीपासून पुढचा पावसाळा सरेपर्यंत एकच लेन्स लावून हिंडल्यावर मला ठामपणे वाटतं, की आधी लहान आकडा बघावा. तो १८ किंवा त्याहून कमी असेल तरच पुढचं बोलणं.

माझा कॅमेरा कॅनन २०० डी मार्क टू. लेन्स ईएफ-एस १८-१३५ एफ ३.५-५.६ आयएस यूएसएम, सेकंडहँड घेतलेली. यात एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो, आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय आणि यूएसएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार. त्याआधी कॅमेऱ्याच्या बॉडीबरोबर आलेली १८-५५ वापरत होतो. ती वाईट नाही. वजनाला सव्वादोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि दिवसाउजेडी स्वच्छ फोटो देते. तिच्यावर भागत असेल तर खुशाल भागवा. मला ती कमी पडायची ती मिरवणुकीत आणि जत्रेत, जिथं चार पावलं पुढं जायला वाटच नसते.

आता लहान आकड्याचा आग्रह का, ते सांगतो. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, त्यामुळं चौकटीत किती मावेल ते कळायला लेन्सवरच्या आकड्याला १.६ नं गुणायचं. १८ चे साधारण २९ होतात, २४ चे ३८. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात बारशाचा फोटो काढायला उभं राहा, म्हणजे कळतं. पाळणा, आत्या, आजी आणि मागं दाटीनं बसलेल्या बायका, सगळं घ्यायचं असतं आणि आपली पाठ भिंतीला टेकलेली असते. लेन्स शोधत होतो तेव्हा एका दुकानात, "सर, जुनी २४-१०५ आहे, ती घ्या की, प्रो लेन्स आहे," असा सल्ला मिळाला होता. लेन्स उत्तम आहे यात वाद नाही, पण ती फुल फ्रेमसाठी आखलेली. आपल्या बॉडीवर रोजची म्हणून लावली तर घरातला निम्मा गोतावळा चौकटीबाहेर राहतो. शिकाऊ माणसानं हा सल्ला नम्रपणे नाकारावा.

या लेन्सनं मला खरं जिंकलं ते जोतिबाच्या चैत्र यात्रेत. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असतात. काठी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत घ्यायची तर कॅमेरा उभा धरून १८ लागतात. पुढच्याच क्षणी काठी पेलणाऱ्याचा गुलालानं माखलेला चेहरा हवा असतो, तिथं १३५. मधे लेन्स बदलायचा विचारसुद्धा करू नये. हवेत गुलाल इतका असतो, की बॉडीचं तोंड दोन सेकंद उघडं राहिलं तरी सेन्सरवर कण बसायचे. दोन चांगल्या लेन्सपेक्षा एक न बदलावी लागणारी लेन्स बरी, असं मी म्हणतो ते या डोंगरावर पाहिलेल्या गोष्टींमुळं.

तरी एक धोका राहतोच. झूम करताना या लेन्सची नळी बाहेर येते, आत जाते, आणि दर वेळी हवा आत ओढली जाते. लेन्सला धूळपाण्यापासून बचावाचं सील नाही. म्हणून यात्रेत मी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवतो, पुढं काचेभोवती रबर बँड, आणि ६७ मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर. हूड कॅननच्या बॉक्समध्ये येत नाही, ईडब्ल्यू-७३ डी नावानं वेगळं घ्यावं लागतं. ते घ्याच. उन्हाची तिरीप अडवायला तर आहेच, पण "चांगभलं"च्या गजरात गुलालाबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उधळले जातात, आणि ते काचेवर बसण्यापेक्षा हूडवर बसलेले बरे. घरी आल्यावर गुलाल कापडानं पुसायचा नाही. आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी.

आता जिथं ती हात टेकते त्या जागेबद्दल. तालीम. पहाटे लाल मातीच्या आखाड्यात पोरं उतरलेली, उजेड म्हणजे वरच्या झरोक्यातून येईल तेवढा आणि एखादी ट्यूब. वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाव्हणं, फ्लॅश तेवढा मारू नका, पोरांचं ध्यान जातंय." रास्तच आहे ते. लेन्स लांब टोकाला ५.६ वर येते, कुस्तीतला डाव थिजवायला शटर किमान १/२५० सेकंद तरी लागतो, मग आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० च्या आसपास जातो आणि अंगावरची माती कुठली अन् फोटोतले दाणे कुठले ते ओळखू येत नाही.

इथं बऱ्याच नवशिक्यांचा घोळ होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लेन्सवर 'इमेज स्टॅबिलायझर' लिहिलंय म्हणजे अंधारात सगळं जमेल, असं नसतं. आयएस आपल्या हाताची थरथर सावरतो, समोरच्या पैलवानाची हालचाल नाही. कॅनन या लेन्सला चार स्टॉपचा आधार सांगते, एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट. म्हणजे १३५ वर एरवी १/२०० लागला असता, तिथं स्थिर वस्तूसाठी हिशेबानं १/१३ पर्यंत उतरता येतं. रंकाळ्याच्या काठावरून तिन्हीसांजेला पलीकडच्या शालिनी पॅलेसचा फोटो मी हातात कॅमेरा धरून असाच काढतो, आणि तो खरोखर धारदार येतो. तालमीत मात्र हा आधार कामाचा नाही. तिथं जास्त प्रकाश आत घेणारी काचच लागते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या शाहूपुरीतल्या एका मित्राची सिग्मा १७-५० एफ २.८ मी याच कामासाठी उसनी घेऊन वापरली. ५.६ वरून २.८ वर येणं म्हणजे चौपट प्रकाश, तोच फोटो ६४०० ऐवजी १६०० आयएसओवर. फरक मोबाईलच्या पडद्यावरही दिसतो. शिवाय झूम कुठंही असला तरी २.८ कायम राहतं. पण ती ५६५ ग्रॅमची, पुढची काच ७७ मिलिमीटरची, आणि ५० ला संपते. तुमचे निम्म्याहून अधिक फोटो तालीम, नाटक, लग्नाचा हॉल, घरातली मुलं यांचे असतील, तर १८-१३५ च्या नादाला न लागता हीच घ्या. मी माझा मार्ग वेगळा काढला. १८-१३५ ठेवली आणि सोबत ५० एफ १.८ एसटीएम घेतली (एसटीएम हाही मोटरचाच प्रकार). १६० ग्रॅमची इवलीशी लेन्स, ५.६ च्या मानानं जवळजवळ दहापट प्रकाश घेते. आखाड्याच्या कडेला बसून एका जोडीवर लक्ष ठेवायला तिचा कोन अगदी बरोबर बसतो.

गुऱ्हाळघराचा अनुभवही लिहायलाच हवा, कारण गुळाचे फोटो काढायला बाहेरगावचे बरेच जण येतात. थंडीत पहाटे गाडीवरून जाता, लेन्स गार पडलेली असते, आणि आत शिरता तर काहिलीतून वाफेचे लोट. काच क्षणात धुरकटते. पुसून उपयोग नाही, परत धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून चेन थोडी उघडी करायची आणि गुळव्याशी गप्पा मारत बसायचं. लेन्स खोलीच्या उबेला आली की वाफ धरत नाही. तोवर ताजा गरम गूळ खायला मिळतो, ते वेगळंच. चुलवाणाच्या जाळाचा उजेड आणि वाफ यात ही लेन्स १८ वर, एफ ३.५ ला, चांगलं काम करते.

फुटबॉलचं थोडक्यात सांगतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून १३५ कमी पडतात. आपल्या बाजूच्या कोपऱ्यात चेंडू आला तर ठीक, पलीकडच्या गोलसाठी ५५-२५० हवी. फोकसची मोटर मात्र या खेळाला पुरून उरते, फटकन पकडते आणि आवाज करत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांना ही शांतता फार मोलाची.

मोटरवरून आठवलं. १८-१३५ नावाच्या कॅननच्या तीन लेन्स आहेत आणि सेकंडहँड बाजारात तिन्ही फिरतात. २००९ ची नुसती आयएस, २०१२ ची आयएस एसटीएम आणि २०१६ ची आयएस यूएसएम. पहिलीची मोटर हळू आणि आवाज करणारी, ती सोडून द्या. एसटीएम चांगली आहे, पैसे वाचत असतील तर बिनधास्त घ्या. भाव सांगणारा नुसतं 'अठरा-एकशेपस्तीस' म्हणतो, म्हणून नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते स्वतः वाचा. दोन्ही नव्या लेन्समध्ये फोकसची रिंग विजेवर चालते, कॅमेरा बंद असताना ती फिरवून काही होत नाही. त्याला बिघाड समजू नका.

घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूनं लावून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. किंमत कितीही पडली तरी नको. आपल्याकडचा पाऊस पाहता हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या बॅगेत कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा. पन्हाळ्यावर धुक्यात भिजून आलात तर आधी पंख्याखाली वाळवा, मग डब्यात. आणि वापरत राहा, पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

तक्रारी आहेत. लेन्स ५१५ ग्रॅमची आणि २०० डी मार्क टू बॅटरीसह ४४९ ची, त्यामुळं गळ्यात अडकवली की नाक खाली करून लोंबते. चालताना डावा हात लेन्सखाली ठेवायची सवय लागते. १८ वर सरळ रेषा बाहेर फुगतात. न्यू पॅलेससमोर उभं राहून पूर्ण इमारत घेतली तर ते लगेच जाणवतं. कॅमेऱ्यातली दुरुस्ती चालू ठेवली की जेपेगमध्ये बरंच सरळ होतं. चांगला उजेड असेल तर एफ ८ वर ठेवा, कडाही नीट येतात.

इतक्या महिन्यांचे फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येकाची माहिती बघितली, कुठल्या आकड्यावर काढलेत ते. सगळ्यात मोठा ढीग १८ चा, त्याखालोखाल १३५ चा, मधलं सगळं विरळ. १३५ वर पुढं जायची ओढ क्वचितच लागली होती, स्टेडियम सोडलं तर. १८ वर मात्र मागं सरकायला जागा नाही, असं दर आठवड्याला व्हायचं. म्हणून पुढची लेन्स म्हणून ५५-२५० ऐवजी ईएफ-एस १०-१८ एसटीएम शोधतोय. तिलाही ६७ चाच फिल्टर बसतो, त्यामुळं हाच यूव्ही तिकडं चालेल. कोल्हापूर-सांगली भागात कुणी चांगल्या अवस्थेतली विकत असेल तर जरूर कळवा.