रबरी अस्तराच्या पी-क्लिपा, रिव्हनट आणि कापडी टेप: एका हिवाळ्यानंतर

गाडी लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्‌स कारच्या धर्तीची. चौकोनी पोलादी नळ्यांची चासी, मागे लाइव्ह अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा सलग अखंड आस), वर छप्पर नाही. इथे इंग्लंडमध्ये घरच्या गराजात बांधली, ऑक्टोबरमध्ये आयव्हीए (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर उतरवण्याआधीची सरकारी तपासणी) पास झाली आणि पुढचा अख्खा हिवाळा ती मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली. आता स्टँडवर चढवून, खालचा चिखल धुऊन, एकेक क्लिप हाताने हलवून पाहिली आहे.

निकाल आधीच सांगतो. रबरी अस्तराच्या स्टेनलेस पी-क्लिपा (पाइपला वेढून धरणाऱ्या P आकाराच्या पट्ट्या) आणि त्या बसवायचे एम५ रिव्हनट (नळीच्या भोकात रिव्हेटसारखे बसणारे आट्यांचे नट) पुन्हा डोळे झाकून घेईन. स्वस्त नाहीत, पण ब्रेकच्या पाइपवर काटकसर करायचीच नसते.

आयव्हीएच्या नियमाप्रमाणे पाइप आणि वायरी जास्तीत जास्त ३०० मिमी अंतरावर धरलेल्या लागतात. मी ब्रेक पाइपसाठी १५० ते २०० ठेवलं. तपासणीला ३०० चालतं, पण एवढ्या अंतरात पाइपला टिचकी मारून बघा, थरथर हाताला कळते. इंजिन चालू असताना ती कायमच असते. तांबं अशा थरथरीने कडक होत जातं आणि शेवटी तडकतं, बहुधा फ्लेअरच्या, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या टोकाच्या, मुळाशी. म्हणून शुद्ध तांब्याऐवजी कुनिफर घेतला: तांबं आणि साधारण १० टक्के निकेल. हाताने वळतो, मिठाला पुरून उरतो. हिवाळ्यानंतर नुसता काळपट पडलाय. शेजारच्या झिंक चढवलेल्या बोल्टांवर मात्र तांबेरा आलाय.

क्लिप घेताना अस्तराचं रबर कोणतं ते विचाराच. ब्रेकसाठी ईपीडीएम. डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्याने ते बिघडत नाही. पण पेट्रोल लागलं की फुगतं. पेट्रोलच्या पाइपला नायट्राइल अस्तराच्या क्लिपा लावल्या. दोन्ही काळ्याच, दिसायला सारख्या, म्हणून डबे वेगळे ठेवावेत. मापही नेमकं हवं. ३/१६ इंची पाइप म्हणजे पावणेपाच मिमी, त्याला ५ मिमीची क्लिप. मोठी घेतली तर पाइप आत हलतो आणि शिरलेली वाळू त्याला पॉलिश पेपरसारखी घासते. मी मधल्या दोन क्लिपा मुद्दाम उघडून पाहिल्या. पाइपवर चरा नाही.

एम५ रिव्हनटला ७ मिमीचं भोक लागतं. आधी बारीक भोक पाडून मग ते मोठं करावं. वेडंवाकडं झालं तर रिव्हनट बोल्टबरोबर गरगर फिरतो. भोक नळीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर घ्यावं, कारण नळी वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो. साध्या रिव्हेटनेही क्लिप बसते, स्वस्तात बसते. पण पुढे पाइप बदलायचा झाला तर प्रॉपशाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) टनेलमध्ये ड्रिल घालायचं कुठून? तिथे पान्हा जेमतेम शिरतो.

एक उणीव दिसली. जिथे स्टेनलेस क्लिप थेट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसते, तिथे पांढरी भुकटी जमलीय. दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की हे होणारच. तिथे आता खाली नायलॉनचा वॉशर आणि बोल्टला गंजरोधक पेस्ट लावतोय. पोलादी चासीवर रंग शाबूत आहे तिथे काही झालेलं नाही.

वायरिंगसाठी थिनवॉल, म्हणजे पातळ आवरणाची, वायर वापरली. १ चौ. मिमीची १६.५ अँपिअर, २ चौ. मिमीची २५ अँपिअर पेलते, त्यामुळे हार्नेस (वायरींचा जुडगा) बारीक होतो आणि क्लिपाही लहान लागतात. वरून पॉलिएस्टरची कापडी टेप. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद इंजिनाच्या उष्णतेने पाघळतो. कापडी टेप मात्र तशीच घट्ट आहे. इंजिनाकडे जाणाऱ्या हार्नेसला क्लिपनंतर थोडा ढिला वळसा द्या, कारण इंजिन माउंटिंगवर डुलतं. टोकांना क्रिम्प केलं, म्हणजे धातूची टोपी दाबून बसवली, डाग दिला नाही: डागाचं शिसं वायरीत वर चढतं आणि ते जिथे संपतं तिथेच वायर मोडते.

नायलॉन टाय फक्त वायरींना, तेही काळेच. पांढरे उन्हाने ठिसूळ होतात. शेपटी सपाट कापणाऱ्या कटरने कापावी, नाहीतर टोक ब्लेडइतकं धारदार राहतं. ब्रेक पाइपला टाय नको. मऊ अस्तर नसल्याने तो पाइपलाच कुरतडतो.

बाजा किंवा सुप्रा या कॉलेजच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणाऱ्या मुलांना एक सांगणं: रबरी होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन होज कुठे ताणतो, कुठे टायरला लागतो ते पाहा. त्यानंतरच त्याचा ब्रॅकेट पक्का करा. मग एकाने पेडल जोरात दाबून धरावं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा कोरडा आहे का ते बघावं.