कोर्स सुरेख आहे, पण दहाव्या होलला जपून

मी डावखुरी आहे हे आधीच सांगून टाकते. या डिस्क गोल्फ कोर्सबद्दलची माझी मोठी तक्रार त्यातूनच आलेली आहे, आणि उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) टाकणाऱ्याला ती कदाचित जाणवणारही नाही. तीन वेळा खेळून झालं: एकदा एकटी, एकदा सुट्टीच्या दिवशी गर्दीत, एकदा दोन नवशिक्यांना घेऊन. त्यानंतरच लिहायला बसले आहे.

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क, आणि ती टीवरून कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. इथे अठरा होल, बहुतेक झाडीतले. टी-पॅड, म्हणजे पहिला थ्रो जिथून टाकतात ते चौथरे, काँक्रीटचे, मुद्दाम खरबरीत ठेवलेले. ओल्यातही पाय सरकला नाही. प्रत्येक बास्केटखाली पुढची टी कुठल्या बाजूला ते दाखवणारा बाण आहे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नाही. बाण नसला की वाट चुकलेला माणूस सरळ फेअरवेवरूनच (टी ते बास्केट मधल्या पट्ट्यातून) उलटा चालत येतो आणि समोरून येणाऱ्या डिस्कच्या तोंडी सापडतो. इथे तसं एकदाही झालं नाही.

आता चौथ्या होलवरची घंटा. होल टेकाडापलीकडे उतरतो, टीवरून बास्केट दिसत नाही. म्हणून बास्केटपासून थोड्या अंतरावर लाकडी चौकटीत पितळी घंटा टांगली आहे, दोरीला धरून धरून काळी पडलेली गाठ. पुट (बास्केटमध्ये टाकायचा शेवटचा छोटा थ्रो) झाला, डिस्क उचलल्या, बाजूला झालात की दोन टोल द्यायचे. मग मागच्यांनी टाकायचं. साधी आणि उत्तम सोय. दुसऱ्या खेपेला मात्र आमच्या पुढच्या ग्रुपमधल्या एका पोराने तिथे पोचल्या पोचल्या घंटा बडवली, कारण घंटा दिसली की वाजवायचीच असते. आम्ही टोल ऐकले, आमच्यातल्या एकाने हात मागेही नेला होता, तेवढ्यात साखळ्यांचा खळ्ळकन आवाज आला. म्हणजे पलीकडे अजून पुट चालू होते. थांबलो. झाडीच्या कोर्सवर हा आवाज फार कामाचा. डिस्क गोल्फचा जनक मानल्या जाणाऱ्या एड हेडरिकने सत्तरच्या दशकात साखळ्यांची बास्केट आणली ती डिस्क अडवायला. त्याआधी लोक झाडांवर नि खांबांवर नेम धरत. पण पुढे कुणीतरी आहे हे न दिसता कळण्याचा फायदा त्यातून फुकटात मिळाला. घंटेखाली पाटी आहे, ‘वाजवा’ एवढीच. ‘निघताना वाजवा’ असं लिहिलं असतं तर त्या पोराकडून ही चूक झालीच नसती.

आणि दहावा. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या.

टीवरून बास्केट समोर दिसते, अंतर शंभर मीटरच्या आसपास, मोकळा फेअरवे. उजव्या अंगाला, साधारण दोन तृतीयांश अंतरावर, अकराव्याची टी आणि शेजारी बाक. आखणाऱ्याने विचार केलाय हे दिसतं: उजव्या हाताची बॅकहँड डिस्क वेग उतरला की शेवटी डावीकडे वळते, म्हणून थांबणाऱ्यांना उजवीकडे बसवलं. माझी डिस्क मात्र नेमकी उजवीकडे वळते.

बाकापुढे एक झुडूप आहे. मी पाहिलं, मला कुणी दिसलं नाही, मी टाकलं. डिस्क छान गेली, मग वळायला लागली, आणि झुडपामागून एक टोपी वर आली. मी ‘फोर!’ (डिस्क येतेय, सांभाळा) ओरडले. बाकावरच्या गृहस्थांनी काय केलं? वळून माझ्याकडे बघितलं. आपण सगळे हेच करतो, आवाज आला की तिकडे तोंड. खरं तर ‘फोर’ ऐकलं की बघायचं नसतं. दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे आणि जागच्या जागी खाली वाकायचं. माझी डिस्क त्यांच्या बॅगेवर आदळली, पाण्याची बाटली चिरली. वीतभर वर असती तर हे परीक्षण मी लिहीत नसते. ही फ्रिस्बी नव्हे. जेमतेम 21 सेंटिमीटर रुंद, पण 170-175 ग्रॅम वजनाचं कडक प्लास्टिक, काठ धारदार, आणि बऱ्यापैकी हौशी हाताचा ड्राइव्हसुद्धा ताशी 80 किलोमीटरने सुटतो.

मी धावत गेले, तोंडातून ‘सॉरी’शिवाय काही निघेना. ते डिस्क हातात घेऊन उभे होते.

‘डावखुऱ्या दिसताय.’

‘हो. अहो, मला तुम्ही दिसलाच नाहीत.’

‘दिसणारच नाही. मी उजव्या हातानेच टाकतो, पण फोरहँड. माझीही इथेच येते,’ ते म्हणाले, आणि डिस्क रुमालाने पुसून परत दिली.

उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे हात अंगाच्या त्याच बाजूने आणून टाकली, तरी डिस्क उजवीकडेच वळते. म्हणजे प्रश्न फक्त डावखुऱ्यांचा नाही. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमांत शिष्टाचाराच्या कलमातच आहे की डिस्कने कुणाला इजा होणार नाही किंवा दुसऱ्या खेळाडूचं लक्ष विचलित होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय टाकू नये. मी खात्री केली नव्हती, फक्त नजर टाकली होती. पण जिथे बघूनही दिसत नाही तिथे बाक ठेवणं ही कोर्सचीही चूक आहे.

बाकीचं पटकन. चौदाव्याला फिरायला येणाऱ्यांची पायवाट आडवी जाते. खेळाडूंसाठी सूचना लावली आहे, चालणाऱ्यांसाठी काहीच नाही. मी टीवर थांबले होते तर एका बाईंनी विचारलं, ‘कुणाची वाट बघताय का?’ म्हटलं, ‘तुमचीच.’

गर्दीच्या दिवशी पुढे सात जणांचा ग्रुप होता, तीन होल आम्हाला पुढे जाऊ देईनात. शेवटी त्यांच्यातल्याच एका आजींच्या लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांना टीच्या मागे ओढलं आणि दोन्ही हात हलवून आम्हाला बोलावलं. असंच करायला हवं: बाजूला नव्हे, मागे. आमच्या पाठीमागचा एक जण मात्र घाईला आलेला. त्याची डिस्क आमच्या पायांपासून दहा पावलांवर पडली आणि तो दुरून ‘सॉरी’ म्हणत हसला. अशाला कुठलीही घंटा पुरणार नाही. पुटच्या वेळी मोठ्याने गाणी लावणारेही भेटले, पण त्यांना सांगितलं की बंद करतात.

सुरुवातीच्या फलकावर चौदा सूचना आहेत. माझ्या नवशिक्यांनी पहिल्या दोन वाचल्या. मी असते तर तिथे एकच ठेवली असती: टाकणाऱ्याच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही. उरलेल्या तेरा खेळता खेळता कळतात.

पाचपैकी साडेतीन तारे. बाक अकराव्याच्या टीमागे, त्या दोन जाड खोडांच्या आडोशाला हलवा, झुडूप छाटा, मी येऊन साडेचार करीन. सांभाळणाऱ्यांना तसं कळवलंही आहे. तोवर दहाव्याला ड्रायव्हर (लांब जाणारी डिस्क) बॅगेतच ठेवते आणि पटरने (जवळच्या थ्रोच्या डिस्कने) छोटे छोटे थ्रो करत जाते. दोन जास्त लागतात.